आधी घरातली सून, मग बिल्डिंग: गोव्याच्या डिमेन्शिया होम केअरची केस आणि आपला तीन वर्षांचा प्लॅन

डिमेन्शियासाठी, म्हणजे म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशासाठी, गावात काहीतरी करायचं असं ठरवून जमलेल्या ग्रुपची पहिली मीटिंग बहुतेक वेळा जागेवर येऊन अडकते. कोणाच्या तरी ओळखीत रिकामा बंगला असतो, कोणी ट्रस्टचा हॉल देतो म्हणतं, आणि मग डे केअर किती जणांचं, लिफ्ट लागेल का, संडास वेस्टर्न हवेत ना, यातच दोन तास जातात. मंडळी मनापासून आलेली असतात, निम्म्या जणांनी घरी आई नाहीतर सासरे सांभाळलेले असतात. पण कोणासाठी काम करायचं हे ठरायच्या आधीच कशात करायचं ते ठरून जातं. मी अशा छोट्या संस्थांना प्लॅन लिहायला मदत करते आणि दरवेळी सगळ्यात आधी गोव्याची केस समोर ठेवते, म्हणजे घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्या माणसाला आधार देण्याचं तिथलं काम, कारण तिथे क्रम उलटा होता, कागद नीट ठेवले गेले होते आणि जे जमलं नाही तेही लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या कामात हे फार कमी बघायला मिळतं.

तेव्हा चित्र काय होतं

१९९८ साली कोचीला जगभरातले काही संशोधक जमले आणि १०/६६ नावाचा गट तयार झाला. नावाचा हिशेब असा, की डिमेन्शिया असलेल्या माणसांपैकी जवळजवळ ६६ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि त्यांच्या वाट्याला येणारं संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी. गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करत होती, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न गोव्यात आपल्यापेक्षा आधी येणार हे उघड होतं. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं गोव्यात ११.२ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९, आणि गोव्याच्या वर फक्त केरळ.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. काम सुरू करण्याआधी त्यांनी लोकांना विचारलं. विक्रम पटेल आणि १०/६६ गटाचे मार्टिन प्रिन्स यांचा २००१ साली आलेला अभ्यास आहे. त्यात गोव्यातल्या वेगवेगळ्या गटांना डिमेन्शिया झालेल्या आणि डिप्रेशनमधल्या म्हाताऱ्या माणसाची छोटी गोष्ट सांगायची आणि विचारायचं, असं कोणी पाहिलंय का, हे कशामुळे होतं, मग तुम्ही काय करता. उत्तरं वाचली की आपल्याच गल्लीत कोणीतरी बोलतंय असं वाटतं. असं माणूस सगळ्यांनी पाहिलं होतं. पण हा आजार आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, वय झालं की होतंच असं. आणि कारण विचारलं की बोट मुलांकडे, मुलं बघत नाहीत, प्रेम करत नाहीत, हाल करतात म्हणून म्हाताऱ्याचं असं झालं.

थोडं थांबून विचार करा याचा. आजी रात्री तीनला उठून दार उघडायला बघते, जेवून अर्धा तास झाला की मला कोणी जेवायलाच दिलं नाही म्हणून शेजारी सांगते, आणि शेजारी ते खरं मानतात. म्हणजे चोवीस तास राबणाऱ्या सुनेला झोप तर नाहीच, वर गावात नाव खराब. ही बाई तुमच्या जनजागृतीच्या कार्यक्रमाला कधीही येणार नाही, कारण तिला घर सोडता येत नाही आणि आली तरी चारचौघांत तोंड उघडणार नाही.

त्याच अभ्यासातलं अजून एक निरीक्षण प्लॅनिंगसाठी सोन्यासारखं आहे. प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना डिमेन्शियाचे पेशंट क्वचित दिसत होते, कारण आजार नाही म्हटल्यावर दवाखान्यात कोण नेणार. पण वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना अशी घरं बरोबर माहीत होती. आणि तिसरी, जरा कडू वाटणारी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणं पुष्कळदा मालमत्ता आपल्याला मिळेल या अपेक्षेशी बांधलेलं होतं. आपली एकत्र कुटुंबपद्धती सगळं बघून घेते असं जे स्टेजवरून म्हटलं जातं ते तिथे टिकलं नाही. परावलंबी झालेल्या माणसाची काळजी जवळजवळ पूर्ण कुटुंबावर, बाहेरची सेवा नसल्यातच जमा. आणि म्हातारी माणसं स्वतः उद्याला घाबरलेली होती, आपण कोणाच्या तरी हातात पडणार याची भीती.

हे सगळं हातात असताना प्लॅन लिहायचा म्हटलं तर मेमरी क्लिनिक, म्हणजे विसरभोळेपणा तपासायचा खास दवाखाना, आपोआप मागे पडतं, कारण क्लिनिकपर्यंत कोणी येतच नाहीये. निवासी केंद्र मोजक्या घरांना पुरतं आणि खर्च मोठा. औषधांचं म्हणाल तर डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ थोडा आधार देतात, आजार थांबवत नाहीत. उरतं घर. पेशंट घरात, सांभाळणारी घरात, त्रासही घरातच.

त्यांनी काय ठरवलं

बार्देस आणि तिसवाडी हे दोन तालुके घेतले, म्हणजे म्हापसा आणि पणजीच्या आजूबाजूचा भाग. पूर्ण गोवा नाही. गोवा केवढंसं, तरी दोनच तालुके! आपल्याकडे रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी लेटरहेडवर 'महाराष्ट्र राज्य' छापून येतं म्हणून हे मुद्दाम सांगते.

प्रत्येक तालुक्याला एक टीम. तिचा कणा म्हणजे होम केअर अ‍ॅडव्हायझर. यासाठी नर्स नको होती, समाजकार्याची पदवी (एमएसडब्ल्यू) असलेलीही नको. अट एवढीच की बारावी झालेली असावी, स्थानिक भाषा यावी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची मनापासून इच्छा असावी. त्यांना ट्रेनिंग दिलं गेलं, त्यांच्या मागे अर्धवेळ समुपदेशक आणि सरकारी आरोग्यसेवेतले मानसोपचारतज्ज्ञ उभे होते. तज्ज्ञ प्रत्येक घरी जात नव्हता, अडलं की त्याच्याकडे जायचं. निदान मात्र प्रशिक्षित डॉक्टरच करणार, यात कुठेही तडजोड नव्हती.

या ताई घरी जाऊन करायच्या काय? आजार म्हणजे काय ते समजावून सांगायचं. चिडणं, संशय घेणं, रात्री फिरणं, कपड्यात लघवी होणं, यातलं त्या घरात जे चालू असेल त्याला कसं तोंड द्यायचं ते बसून बोलायचं. आंघोळ, जेवण, संडास या रोजच्या कामात सोपं काय करता येईल ते दाखवायचं. वागणं फारच हाताबाहेर गेलं असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. सरकारी योजनांची माहिती द्यायची. आणि अशा घरांची एकमेकांशी ओळख करून द्यायची, म्हणजे पुढे त्यांचा त्यांचा सपोर्ट ग्रुप उभा राहील. पंधरा दिवसांतून निदान एक भेट, घराच्या गरजेप्रमाणे जास्त, असं सहा महिने. यातलं एकही काम असं नाही की ज्याला मशीन लागतं किंवा एसी खोली लागते.

मग त्यांनी जे केलं ते संस्था करत नाहीत आणि करायला घाबरतात. ८१ कुटुंबं घेतली, सगळी सौम्य ते मध्यम डिमेन्शियाची, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागली. ४१ कुटुंबांना ही सेवा लगेच, बाकी ४० जणांना सुरुवातीला फक्त माहिती आणि सेवा सहा महिन्यांनी. हे ऐकलं की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, अहो गरजू माणसाला थांबवायचं कसं, हे बरं नाही. पण तुमच्याकडे दोनच ताई असतील तर अर्धी घरं थांबणारच आहेत, फक्त ती कोणाच्या ओळखीने पुढेमागे होणार की नशिबाने एवढाच प्रश्न आहे. वेटिंग लिस्ट उघडपणे ठेवली तर ती न्याय्य पण होते आणि तुमच्या कामाने फरक पडला का हेही कळतं.

निकाल, आणि तो नीट वाचायला हवा

डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी जून २००८ मध्ये हे प्लॉस वन या खुल्या नियतकालिकात छापलं, आजही कोणीही फुकट वाचू शकतं. सांभाळणाऱ्या माणसाचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि पेशंटच्या वागण्यामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. हे दोन फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकले. पेशंटच्या वागण्यातल्या तक्रारींची तीव्रता, रोजची कामं करायची क्षमता, सांभाळणाऱ्यावरचा एकूण भार, यात कल चांगल्या बाजूला होता पण ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. सेवा मिळालेल्या गटात मृत्यूही कमी दिसले, तेही ठाम म्हणण्याइतके नाहीत. म्हणून कृपा करून कोणी ब्रोशरवर 'होम केअरने आयुष्य वाढतं' असं छापू नका, तसं सिद्ध झालेलं नाही.

माझ्या दृष्टीने या केसचा गाभा इथे आहे. आजीची उठण्याबसण्याची ताकद बदलली असं दाखवता आलं नाही, आजीचं संशय घेणं कमी झालं असंही ठामपणे म्हणता आलं नाही, आणि तरीही सुनेचा त्रास कमी झाला. म्हणजे ही सेवा पेशंटला बरं करत नाही, ती सांभाळणाऱ्या माणसाला तगवते. आता तुमच्या संस्थेच्या उद्देशपत्रिकेत 'स्मृतिभ्रंश रुग्णांचे जीवनमान उंचावणे' असं लिहिलंय आणि देणगीदाराला वर्षाअखेरीला रिपोर्ट द्यायचाय, तर तुम्ही दाखवणार काय? पेशंट तर वर्षभरात अजून खालावलेला असणार, कारण आजाराचा स्वभावच तो. ज्या गोष्टीवर आपला हात पोचतो तीच वचन म्हणून द्यायची आणि तीच मोजायची. गोव्याच्या टीमने नेमकी तीच मोजली म्हणून त्यांना ती सापडली.

दुसरा आकडा फारसं कोणी वाचत नाही, मला मात्र तो सोडवत नाही. ८१ पैकी ५९ कुटुंबं शेवटपर्यंत राहिली. आणि त्या काळात १८ माणसं गेली. ही शेवटच्या स्टेजची नव्हती, सौम्य ते मध्यम गटातली होती. म्हणजे पाचातलं एक माणूस काम चालू असताना गेलं. तरी आपल्या प्लॅनमध्ये मृत्यू हा शब्दसुद्धा नसतो. ताई महिन्यातून दोनदा ज्या घरी चहा पिते तिथला माणूस गेला तर तिने दहाव्याला जायचं का, त्यानंतर सुनेला किंवा बायकोला किती दिवस भेटत राहायचं, आणि ताईचं स्वतःचं मन हलकं कोणाजवळ करायचं, हे आधी ठरवलं नाही तर चांगल्या ताई वर्षभरात काम सोडतात. तेरावं झाल्यावर दोन-तीन भेटी आणि महिन्यातून एकदा समुपदेशकाबरोबर टीमची बैठक, एवढं तरी बजेटमध्ये पगाराच्या शेजारी लिहा.

हे आपल्या तालुक्यात आणायचं तर

आकडेमोड करून बघू. तालुक्याची लोकसंख्या चार लाख धरा, महाराष्ट्राच्या जुन्या सरासरीने साठीच्या पुढचे साधारण ४० हजार. २०२३ साली आलेल्या लासी-डॅड नावाच्या डिमेन्शियावरच्या देशव्यापी अभ्यासाने साठीच्या पुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के काढलंय, देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. त्या हिशेबाने एका तालुक्यात तीन हजारांच्या आसपास. आता एक ताई प्रवास धरून दिवसाला तीन घरं नीट करू शकते असं मानलं, पंधरवड्यात दहा दिवस भेटींचे, बाकी दिवस नोंदी आणि मीटिंग, तर एका ताईला तीस घरं. दोन ताई म्हणजे साठ. तीन हजारांत साठ! कोणाचंही मन बसेल. पण हा आकडा मीटिंगच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायलाच हवा, कारण त्यातूनच खरे प्रश्न बाहेर येतात: कोणाला आधी, किती दिवस, आणि बाकीच्यांना काय.

कोणाला आधी, याचं उत्तर माझ्या मते आजार किती वाढलाय यावर ठरू नये, सांभाळणारी व्यक्ती किती एकटी आहे यावर ठरावं. घरात एकच बाई, वय साठीच्या पुढे, तिला स्वतःला शुगर, आणि नवरा डिमेन्शियाचा, हे घर वर. तीन भाऊ, तीन सुना आणि घरी कामाला बाई असलेलं घर खाली, मग भले तिथल्या काकांशी अध्यक्षांची मैत्री असो. हे लेखी ठेवा, तोंडी ठेवलं की ओळखी जिंकतात.

बाकीच्यांना काय, तर गोव्याच्या दुसऱ्या गटाला मिळालं तेच, म्हणजे नीट माहिती. एक चांगली छापलेली पुस्तिका, एक फोन नंबर आणि वेटिंग लिस्टवर नाव. हे कमी वाटतं, पण 'हा आजार आहे, यात तुमचा दोष नाही' हे वाक्य कोणीतरी सासरच्या चार माणसांसमोर बोलणं हीसुद्धा बऱ्याच घरांत पहिल्यांदाच घडणारी गोष्ट असते.

घरं शोधायची कशी, तर कॅम्प लावून नाही. केरळात त्रिशूरकडे डॉ. के. एस. शाजी आणि मंडळींनी स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना अवघं अडीच तासांचं ट्रेनिंग दिलं आणि तुमच्या भागातली अशी माणसं सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोकांना तपासणीत खरंच डिमेन्शिया निघाला. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, पोस्टमन आहे, सोसायटीचा वॉचमन आहे, देवळातले पुजारी आहेत, कोणाचे आजोबा रस्ता चुकतात हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. फक्त आशाताईंवर आधीच सतरा रजिस्टरं आहेत, त्यांच्याकडून नाव सांगण्यापलीकडे काम फुकट मागू नका. आणि उरलेला एक-तृतीयांशही नीट सांभाळायचा, कारण डिप्रेशन, थायरॉइड, बी-१२ कमी असणं, ऐकू न येणं, औषधांचा परिणाम, अशा गोष्टी डिमेन्शियासारख्या दिसू शकतात आणि त्यातल्या काही सुधारतात. म्हणून डॉक्टरशी लेखी ठरवल्याशिवाय पहिली भेटसुद्धा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकल कॉलेज जवळ असेल तर त्यांचा जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभाग गाठा, अमित डायस स्वतः गोवा मेडिकल कॉलेजच्या त्याच विभागातले.

ताई निवडताना शिक्षणापेक्षा वय आणि स्वभाव बघा. सासू सांभाळलेली चाळिशीतली बाई दारात उभी राहिली की सून दोन मिनिटांत बोलायला लागते, पण तीच बाई 'मी तर असं केलं होतं' म्हणून स्वतःचं घोडं पुढे दामटायला लागली की संपलं. रोल प्लेमध्ये हे लगेच दिसतं, इंटरव्ह्यूत नाही. बारावी पास आणि साधी माणसं मानसिक आरोग्याचं काम करू शकतात याबद्दल कमिटीत कोणी नाक मुरडलं तर त्यांना पुढचा पुरावा द्या. गोव्यातच २०१९ साली छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात साठीच्या पुढच्या, डिप्रेशनच्या उंबरठ्यावरच्या १८१ लोकांवर काम झालं, समुपदेशन करणारे तज्ज्ञ नव्हते, तरी वर्षभरात पूर्ण डिप्रेशन होण्याचं प्रमाण १४.४ टक्क्यांऐवजी ४.४ टक्के राहिलं. पण लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी साध्या माणसांच्या मागे नियमित सुपरव्हिजन होतं. ताई ठेवायच्या आणि सुपरव्हायजरच्या पगारात काटकसर करायची, ही मला दिसलेली सगळ्यात महागडी बचत आहे.

बिल्डिंग कधी, असं विचाराल, तर तिसऱ्या वर्षी, आणि दोन प्रश्नांची उत्तरं आल्यावर: आपल्या यादीतल्या किती जणींना दिवसा चार तास सुटका हवीये, आणि त्यांच्या माणसाला घरून आणा-पोचवायला गाडी आणि एक मदतनीस आपल्याला परवडतो का. डे केअरला मी विरोध करत नाहीये, सांभाळणाऱ्या बाईला झोपायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण डे केअर रिकामं राहतं ते बहुतेक वेळा गाडीपायी, आणि गाडीचा खर्च उद्घाटनाच्या बजेटमध्ये कोणी धरलेला नसतो. तोवर कोणी जागा देत असेल तर महिन्यातून एकदा सपोर्ट ग्रुपसाठी मागून घ्या, आणि त्याच वेळात एक ताई कोणाच्या घरी पेशंटजवळ बसेल अशी सोय करा, नाहीतर ग्रुपला येणार कोण.

पैसे

पैशांबद्दल थोडं खुलून बोलायला हवं कारण बिल्डिंगकडे ओढ लागते ती इथूनच. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, कशावर खर्च करता येतो त्याची यादी आहे, त्यात ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम, डे केअर सेंटर 'आणि अशा इतर सुविधा' असं आहे. कंपनीचा माणूस पहिले दोन शब्द वाचतो, फोटो काढता येईल असं काहीतरी मागतो, आणि आपण द्यायला तयार होतो. पण त्याच ओळीत इतर सुविधा आहेत, आणि त्याच यादीत आरोग्यसेवा, प्रतिबंधक आरोग्यसेवासुद्धा आहे. घरभेटी त्यात व्यवस्थित बसतात, फक्त आपल्याला ते दाखवून द्यावं लागतं.

अजून दोन गोष्टी. एक, कायद्यात 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' असा प्रकार आहे, सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. डिमेन्शिया असलेल्या घराला एका वर्षाच्या फंडिंगने हात घालणं मला योग्यच वाटत नाही, मार्चमध्ये पैसे संपले म्हणून एप्रिलपासून ताई येणार नाही असं त्या घरी सांगणार कोण? म्हणून मागणी करतानाच बहुवर्षीय मागा. दोन, पाच टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या ताईंचे आणि सुपरव्हायजरचे पगार हा प्रकल्पाचाच खर्च. हा गैरसमज दोन्ही बाजूंना इतका पक्का बसलाय की संस्था स्वतःहूनच पगार कापून बजेट देतात. सीएसआर-१ या फॉर्मवर संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडचे ऑडिट रिपोर्ट वेळेवर, हे तर लागतंच, त्यावर जास्त लिहीत नाही.

रिपोर्टमध्ये काय द्यायचं ते वर आलंच आहे: सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य, सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी, आधीच तपासलेल्या प्रश्नावलीने. गोव्यात मानसिक आरोग्यासाठी जनरल हेल्थ क्वेश्चनेअर वापरली होती, झारिट नावाची भार मोजायची प्रश्नावलीही होती. प्रश्न मराठीत विचारायचे तर भाषांतर घरी बसून करू नका, तयार आणि तपासलेलं शोधा. आणि ज्या ताईने सेवा दिली तिनेच प्रश्न विचारायचे नाहीत, कारण सून तिच्या तोंडावर 'काही फरक नाही' असं कधीच म्हणणार नाही.

गोव्याच्या केसमध्ये जे नाही

तीन जागा अशा आहेत की तिथे ही केस आपल्याला सोडून देते, आणि प्लॅन लिहिताना खरी मेहनत तिथे आहे.

पहिली, तीव्र डिमेन्शिया. ती माणसं अभ्यासात घेतलीच नव्हती. अंथरुणाला खिळलेला, गिळता न येणारा माणूस, पाठीला जखमा, हे बारावी पास ताईचं काम नाही, इथे नर्सिंग लागतं. जिल्ह्यात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणारी, टीम असेल तर पहिल्याच वर्षी त्यांच्याशी बोलून ठेवा की अमुक टप्प्याला हे घर तुमच्याकडे येईल आणि आमची ताई बरोबर येत राहील. घर सोपवायचं असतं, सोडायचं नसतं.

दुसरी, सहा महिन्यांनंतर काय. आजार काही वर्षं चालतो. मला पटलेला मार्ग म्हणजे पहिले सहा महिने पंधरवड्याच्या भेटी, नंतर महिन्याला एक फोन आणि तीन महिन्यांतून एक भेट, काही बिघडलं तर परत पंधरवड्यावर. यामुळे तीस घरांच्या जागी नवीन घरं घेता येतात. हा टप्पा पहिल्या भेटीतच घरच्यांना सांगायचा, शेवटच्या भेटीत नाही.

तिसरी सगळ्यात अवघड, आणि ती पुण्या-मुंबईत, डोंबिवली-ठाण्यात, आता सांगली-साताऱ्यातही रोज समोर येते. सांभाळणारी व्यक्ती घरची नाहीच. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला, फ्लॅटमध्ये बाबा आणि ब्युरोने (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीने) पाठवलेल्या मावशी, बारा तासांच्या दोन पाळ्या, दर दोन महिन्यांनी चेहरा बदलतो. इथे आजार समजावून सांगायचा कोणाला? मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगून बाबांची आंघोळ होत नाही, आणि मावशीला कोणी शिकवत नाही, तिला सुट्टी नाही, बाबांनी चोरीचा आळ घेतला तर तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही. माझं म्हणणं असं की आपल्या प्लॅनमध्ये सांभाळणारी म्हणून या मावशीचं नाव सुनेच्या बरोबरीने यायला हवं. ट्रेनिंग तिला, सपोर्ट ग्रुप तिचाही, दुपारी तीनची वेळ तिला जमत असेल तर तीनची. आणि खर्च परदेशातल्या मुलांकडून घ्या, ते देतात, फक्त त्यांना लागतो महिन्याला एक खरा रिपोर्ट, बाबा कसे आहेत आणि मावशी टिकल्यात का. या पैशातून गावाकडच्या दोन घरांच्या भेटी निघू शकतात असा हिशेब एका ग्रुपबरोबर मांडायला घेतलाय, त्यात ब्युरोंशी करार कसा करायचा आणि पाळी बदलताना नवीन मावशीला अर्धा तास कोण देणार हे दोन रकाने अजून भरायचे आहेत.